चप्पल घालून फ्रिज उघडा

आमच्या पुण्याच्या घरात लहानपणापासून एक नियम होता: फ्रिज उघडायचा तर पायात चप्पल हवी. सोसायटी १९७४ सालची. पाहुणे आले की आई पाण्याच्या आधी स्लिपर पुढे करायची. पुढे नोकरीत पंजाबपासून आसामपर्यंत जिथं जिथं जुन्या घरांत राहिलो, तिथं असेच नियम वेगवेगळ्या भाषांत ऐकले. गीझर बंद करूनच अंघोळीला बसा. कूलरमध्ये पाणी भरताना लाकडी पाटावर उभे राहा. आपण याला काळजी म्हणतो. मला तो निव्वळ निर्लज्जपणा वाटतो. बिघाड दुरुस्त करायचा नाही आणि त्याच्याशी जुळवून कसं राहायचं हे मात्र घरातल्या बाईला, पोराला, मोलकरणीला शिकवायचं.

हे रागानं लिहितोय, कारण एक बातमी मला स्वतःच्या तोंडानं सांगावी लागली आहे.

मी तेव्हा युनिटचा सीओ होतो. आम्ही फील्डमध्ये, चौदा हजार फुटांवर. सातारा जिल्ह्यातला एक नायक पुढच्या पोस्टवर होता. मुलांची शाळा मोडू नये म्हणून त्यानं कुटुंब आमच्या आधीच्या पीस स्टेशनलाच ठेवलं होतं. उत्तर प्रदेशातलं जुनं शहर, छावणीबाहेर भाड्याच्या दोन खोल्या. मे महिन्याचा पहिला आठवडा. दुपारी त्याची बायको लोखंडी कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतत होती. फरशी ओली, पाय अनवाणी. मुलगी शाळेतून आली तेव्हा सगळं संपलं होतं.

फौजेत अशी बातमी सीमेवरून घराकडे जाते, असं सगळे धरून चालतात. त्या दिवशी ती उलटी आली. सुभेदार मेजर साहेब म्हणाले, "साब, मैं बता दूँ?" मी नको म्हटलं. नायकानं सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ गप्प राहिला आणि मग एवढंच विचारलं, "साहेब, कूलरनं माणूस कसा मरतो?"

मला उत्तर देता आलं नाही. पुढच्या सुट्टीत एका वायरमनला घेऊन त्या खोल्यांवर गेलो. भिंतीवर लाकडी पट्टीवरून गेलेली वायर, तिच्यावरचं रबर बोट लावलं की भुगा होऊन पडत होतं. कूलरचा बोर्ड नवा, पांढराशुभ्र, तीन भोकांचा. वायरमननं तो उघडला. तिसऱ्या भोकामागे वायरच नव्हती. अर्थिंग नावाची गोष्ट त्या घरात कधी आलीच नव्हती; भाडेकरूला बरं वाटावं म्हणून फक्त भोक आलं होतं. घरमालक म्हणाला, "साहब, हल्का-फुल्का करंट तो हर कूलर में आता है."

नायकाच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. पंपाच्या मोटरचं इन्सुलेशन पाण्यानं खराब झालं की लोखंडी बॉडीत २३० व्होल्ट येतात. अर्थिंग नीट असेल तर तो करंट त्या वाटेनं धो धो जमिनीत जातो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर कूलर शांतपणे वाट बघतो. ओल्या हातानं कुणी शिवलं की शरीरातून शे-दीडशे मिलीअँपियर जातात. हृदय बंद पडायला त्याहून कमी पुरतो. पण पाच अँपियरचा फ्यूज म्हणजे पाच हजार मिलीअँपियरचा. त्याला शे-दीडशेची खबरही लागत नाही. नवा एमसीबी बसवला तरी तेच, कारण एमसीबी वायरला वाचवतो, माणसाला नाही. माणसाला वाचवणारं उपकरण म्हणजे आरसीसीबी, ज्याला बाजारात अजून ईएलसीबी म्हणतात. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यांत तीस मिलीअँपियरचा फरक पडला की डोळ्याचं पातं लवायच्या आत तो लाइन तोडतो. किंमत दोन-तीन हजार. त्या कूलरहून स्वस्त.

दुसरा धोका आगीचा. १९७४ च्या खोलीत एक पंखा, एक बल्ब आणि एक रेडिओ असायचा. सगळं मिळून एक अँपियरही होत नसे. आज त्याच खोलीत दीड टनाचा एसी सात-आठ अँपियर ओढतो, न्हाणीघरातला गीझर नऊ. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. जुनी अॅल्युमिनियमची तार स्क्रूखाली हळूहळू दबते, सांधा सैल होतो आणि तिथंच तापतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून कुणीतरी किटकॅटमध्ये जाड तांब्याची तार घालतो. तो सांगत असतो की भार जास्त झालाय, आपण त्याचं तोंड बांधतो.

सैल सांधा काय करतो हे या देशानं १३ जून १९९७ ला पाहिलं आहे. दिल्लीचं उपहार थिएटर, 'बॉर्डर'चा खेळ. तळमजल्यावरच्या ट्रान्सफॉर्मरला त्याच दिवशी सकाळी आग लागली होती. केबलचे सांधे योग्य मशीन न वापरता हातोडीनं ठोकून बसवले आणि वीज पुन्हा चालू केली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो भडकला. ५९ माणसं गेली, बहुतेक बाल्कनीत धुरानं गुदमरून. त्यांत आमच्या फौजेतला एक कॅप्टन होता, बायको आणि लहानग्या मुलासह. त्याच उन्हाळ्यात मी खडकवासल्याला दाखल झालो. लढाईचा सिनेमा बघायला गेलेला अफसर एका सैल केबलनं मेला, हे तेव्हा आम्हा पोरांना खरंच वाटत नव्हतं.

आणि तरी आग लागली की दुसऱ्या दिवशी पेपरात एकच ओळ: 'शॉर्ट सर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज.' जणू शॉर्ट सर्किट हे भूकंपासारखं काहीतरी आहे. युनिटमध्ये चुकून गोळी सुटली तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी 'रायफलमुळे गोळी सुटली' असं लिहून उठत नाही. रायफल कुणाकडे होती, शेवटची कुणी तपासली, सही कुणाची, हे विचारते. वायरीबद्दल हे प्रश्न का नाहीत? ती शेवटची कधी बदलली? मेगर कुणी लावला? दुकानदारानं चार एसी वाढवले तेव्हा भार कुणी मोजला?

यावर लोक मला तीन गोष्टी ऐकवतात. पहिली, "इतकी वर्षं काही झालं नाही." हे वाक्य प्रत्येक अपघाताच्या आदल्या दिवशी खरंच असतं. दुसरी, "सरकारनं नियम करावेत." केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षेचे नियम २०१० पासून आहेत, २०२३ मध्ये ते नव्यानं आले. अर्थिंग आणि गळतीपासून संरक्षण, दोन्ही त्यांत आहे. मीटरच्या पुढची वायरिंग मालकाची जबाबदारी असते, आणि तिथं डोकवायला सरकार येत नाही.

तिसरी गोष्ट खर्चाची. आमच्याच सोसायटीच्या सभेत गेल्या वर्षी बाहेरच्या रंगाला एका मिनिटात मंजुरी मिळाली. जिन्याखालच्या मीटरच्या खोलीचा विषय 'पुढच्या वर्षी' गेला. पन्नास वर्षांचा लाकडी बोर्ड, खाली कुणाची तरी जुनी गादी, आणि वर राहणाऱ्या बारा घरांना उतरायला तोच एक जिना. रंग दिसतो, वायर दिसत नाही. सगळा हिशेब एवढाच आहे. खर्च हप्त्यानंही होतो: आधी अर्थिंग आणि आरसीसीबी, मग एसी-गीझरच्या स्वतंत्र लाइन, मग एकेक खोली.

मी स्वतः काही साव नाही. नायकाची बायको गेल्यानंतरही आईच्या घराला हात लावायला मला दोन वर्षं लागली. आरसीसीबी बसवला तर तो रोज पडायला लागला. शेजारचे काका म्हणाले, "काढून टाक रे तो, कटकट नुसती." संत्री ओरडतो आणि झोप मोडते, म्हणून संत्रीच हटवायचा! वायरमननं एकेक लाइन वेगळी करून पाहिली. न्हाणीघरामागच्या भिंतीत वायर सोलली गेली होती आणि ओल धरून बसली होती. ती बदलल्यावर पडणं थांबलं.

भाड्यानं घर बघताना आपण पाणी किती वाजता येतं ते विचारतो. त्याच दमात विचारा: अर्थिंग कुठं आहे, दाखवा. मालक असाल तर विचारायची वेळ येऊ देऊ नका. आरसीसीबी असेल तर त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण आज रात्रीच दाबा. लाइट गेले तर तो जागा आहे. गेले नाहीत, किंवा तुमच्या घरात तसं बटणच नसेल, तर उद्या सकाळी वायरमनला बोलवा.

नायकाला मी त्याचं उत्तर पुढं एकदा सांगितलं, तो पेन्शनवर जायच्या आदल्या आठवड्यात. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं. म्हणाला, "म्हणजे साहेब, एक वायर कमी होती." मी हो म्हटलं.