कोर्स इंग्रजीत असला तरी जर्मन शिकाच!

भारतातून कितीतरी ताई-दादा मास्टर्स करायला जर्मनीत येतात. तुमचा एखादा मामेभाऊ किंवा आतेबहीणही आली असेल. त्यांच्यातले बरेच जण म्हणतात, "माझा कोर्स इंग्रजीत आहे. ए2 पर्यंत जर्मन झालंय, दुकानात बोलता येतं. आणखी कशाला?"

माझं मत वेगळं आहे. त्यांनी कॉलेजात चालेल असं जर्मन, म्हणजे बी2, सी1 पर्यंतचं, शिकायलाच हवं.

दुकानातलं जर्मन वेगळं आणि लेक्चरमधलं वेगळं. दुकानात "दोन ब्रेड द्या" एवढ्यावर भागतं. कॉलेजात मात्र ऐकता ऐकता टिपणं काढावी लागतात, आलेख समजावून सांगावा लागतो, आपलं मत कारणं देऊन मांडावं लागतं. टेस्टडाफ आणि डीएसएच या परीक्षांत हेच तपासतात. जर्मनमधून शिकवला जाणारा कोर्स करायचा, तर परदेशी विद्यार्थ्यांना सहसा अशी एखादी परीक्षा द्यावी लागते.

इंग्रजी कोर्सवाल्यांना ती द्यावी लागत नाही, पण पुढे नोकरी आहेच ना! मी आयटीत काम करतो. कोड इंग्रजीत असतो, पण ग्राहक आपली अडचण पुष्कळदा जर्मनमध्येच सांगतो. ती नीट कळली नाही, तर चांगला कोड लिहूनही काय उपयोग?

"पण वेळ कुठे आहे?" हा प्रश्न खरा आहे. परीक्षा, पार्ट-टाइम काम आणि वर जर्मनचा क्लास, यात ओढाताण होतेच. म्हणून सुरुवात भारतातच करावी. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे. रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभागही आहे.

शिवाय मराठी माणसाला जर्मन वाटतं तेवढं परकं नाही. आपल्याकडे तो, ती, ते. त्यांच्याकडे देअर, दी, दास. सूर्य मात्र आपला 'तो' आणि त्यांची 'ती', तेवढं पाठ करावं लागतं! मी मराठी शाळेत शिकलो. तिथे भूमितीत 'त्रिकोण' शिकलो. जर्मनमध्ये त्याला 'ड्रायएक' म्हणतात. 'ड्राय' म्हणजे तीन आणि 'एके' म्हणजे कोपरा. शास्त्राचे शब्दसुद्धा घरच्या साध्या शब्दांतून घडवता येतात, हे मराठी शाळेतल्या मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला शिकायला आल्या. माणसाच्या कवटीवरचा त्यांचा प्रबंध जर्मनमध्ये आहे. पुढे त्यांनीच 'युगान्त' हे पुस्तक मराठीत लिहिलं आणि 1968 साली त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. म्हणजे जर्मन शिकल्याने मराठी मागे पडतं असं नाही.

आता तुमचं काम. तुम्ही इथे वाढताय, जर्मन तुमच्या तोंडात बसलंय. ताई-दादा 'देअर'च्या जागी 'दास' म्हणाले तर हसू नका आणि लगेच इंग्रजीवरही जाऊ नका. थोडं थांबा, त्यांना वाक्य पूर्ण करू द्या, मग चूक सांगा. बदल्यात तुमचं मराठी त्यांच्याकडून सुधारून घ्या. दोघांचाही फायदा!

पटलं का? नसेल पटलं तर तसं वहीत लिहा. फक्त कारणं द्या आणि मराठीत द्या.