आठशे शब्दांत कोण मावतं?

आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना पद्मश्री हवी आहे.

गेल्या रविवारी सकाळी मी दुसरा चहा हातात घेतला होता. दुसऱ्या चहाच्या वेळी माझ्याकडे कुणी कामाने येऊ नये, हे मी या सदरात निदान तीनदा लिहिलं असेल. पण सेक्रेटरी हे सदर वाचत नाहीत, त्यात आपल्याबद्दल काही आलंय का एवढंच बघतात. तर ते एक जाडजूड फाइल काखोटीला मारून आले आणि म्हणाले, "तुमचा लिहिण्यात हात बसलाय. एवढं आठशे शब्दांचं काढून द्या."

मला वाटलं, पार्किंगचा वाद पुन्हा उपनिबंधकांकडे चालला.

"पद्मचं आहे," ते म्हणाले.

"कुणासाठी?"

यावर ते जमिनीकडे बघून चक्क लाजले. वीस वर्षांच्या शेजारात मी त्यांना लाजताना पहिल्यांदा पाहिलं. वर्गणी मागतानासुद्धा हा माणूस लाजत नाही.

आता नियमाला धरून बोलायचं तर त्यांचं काहीच चुकलेलं नाही. हे सन्मान १९५४ साली सुरू झाले. तेव्हा पद्मविभूषणचेच पहिला, दुसरा, तिसरा असे रेल्वेसारखे वर्ग होते. पुढच्या वर्षी त्यांना पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही नावं मिळाली. मोरारजीभाईंच्या सरकारने ते १९७७ साली बंद केले, १९८० साली ते पुन्हा सुरू झाले. वर्षाला जास्तीत जास्त १२०. मरणोत्तर आणि परदेशस्थ वेगळे. नावं निवडणाऱ्या समितीचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव. आता कुणीही कुणाचंही नाव ऑनलाइन सुचवू शकतो, स्वतःचंसुद्धा. कामाची माहिती मात्र आठशे शब्दांत बसवायची. मिळतं काय? राष्ट्रपतींच्या सहीची सनद आणि पदक. रोख काही नाही, रेल्वेत सवलतही नाही. आणि १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की ही पदवी नव्हे, नावाच्या मागेपुढे लावायची नाही.

हे शेवटचं मी सेक्रेटरींना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा पडला. "म्हणजे दारावरच्या पाटीवरसुद्धा नाही?"

मी म्हटलं, तुम्ही पाटी करू नका, फ्लेक्सवाले लावतील. फ्लेक्स छापणाऱ्यांनी तो निकाल वाचल्याचं काही माझ्या पाहण्यात नाही.

मग त्यांनी फाइल उघडली. पेव्हर ब्लॉकच्या उद्घाटनाचा फोटो. गणेशोत्सवात तीन वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांबरोबरचे फोटो. पैकी दोन आमदार तेच, पक्ष फक्त बदललेले. रक्तदान शिबिराचं प्रमाणपत्र. हे रक्त न देता नुसतं संयोजन केल्याचंही मिळतं, हे मला त्या दिवशी कळलं. झाडं लावल्याची तेरा कात्रणं. झाड एकच, आमच्या गेटजवळचं, दर पाच जूनला नव्याने लावलेलं. एवढी नीट लावलेली फाइल मी आमच्या ऑफिसात छत्तीस वर्षांत पाहिली नव्हती.

"या नटनट्यांना देतात त्यापेक्षा सामान्य माणसाला द्यावी की नाही?" सेक्रेटरींनी विचारलं. सामान्य माणूस म्हणजे ते.

इथे आमच्या सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अशोक सराफांना सत्त्याहत्तराव्या वर्षी पद्मश्री मिळाली त्या दिवशी तिने शिरा केला होता. मला बढती मिळाली तेव्हा नुसता चहा झाला होता. "त्या माणसाने इतकी वर्षं हसवलं, त्याचं काही नाही का?" ती म्हणाली. यावर मला बोलता येईना. सराफांची पद्मश्री मलाही खटकली नव्हती, खटकला तो उशीर. पण सगळेच काही अशोक सराफ नसतात. काही नावं यादीत दिसली की आपण दोन वेळा वाचतो आणि तिसऱ्यांदा पान उलटतो.

तरी या 'सामान्य माणूस' शब्दाशी माझं जरा भांडण आहे. २०२० सालची यादी आठवा. करोनामुळे तिचा सोहळा लांबला, २०२१च्या नोव्हेंबरात झाला. त्या एकाच यादीत कंगना रनौत, करण जोहर, एकता कपूर होते, आणि अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरेही. तिकडे कर्नाटकातून अनवाणी आलेल्या तुलसी गौडा, आणि मंगळुरूच्या रस्त्यावर संत्री विकणारे हरेकळा हजब्बा. टीव्हीवाले दिवसभर घसा फोडून सांगत होते, पाहा, सामान्यातल्या सामान्य माणसाचा गौरव.

कसले सामान्य? हजब्बांना एका परदेशी गिऱ्हाइकाने इंग्रजीत संत्र्याचा भाव विचारला. त्यांना कळलं नाही, मनाला लागलं, म्हणून त्यांनी संत्री विकून साठवलेल्या पैशांतून गावात शाळा उभी केली. मला इंग्रजी कळलं नाही तर मी 'यस, यस' म्हणून मान हलवतो. जास्तच लागलं तर मुलाला क्लास लावतो. शाळा काढत नाही. राहीबाई शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांचं बियाणं जपलं, बायकांना वाटलं, त्याची बँक उभी केली. आमच्या घरात गेल्या वर्षीचे वाल पोरकिड्यांनी पोखरले, तेही हवाबंद डब्यात. उलट नट काय करतो? सकाळी कामावर जातो, काम करतो, त्याचे पैसे घेतो, घरी येतो. हे सामान्य. अगदी माझ्यासारखं, पैशांची रक्कम सोडून.

आणि खरोखर हातावर पोट असणाऱ्याला हा सन्मान मिळाला की पुढे काय होतं, हेही बघा. ओडिशातल्या दैतारी नायक यांनी डोंगर फोडून तीन किलोमीटरचा कालवा शेतापर्यंत आणला. २०१९ साली पद्मश्री मिळाली. काही महिन्यांतच ते म्हणू लागले, घ्या परत. लोक त्यांना मजुरीला बोलवेनात. एवढ्या मोठ्या माणसाला माती उपसायला कसं लावायचं! तेलंगणात किन्नेरा वाजवणारे मोगिलय्या २०२२ साली पद्मश्री झाले आणि २०२४ साली बांधकामावर मजुरी करताना दिसले. नटाला मिळाली तर त्याचं मानधन वाढत असेल. याची असलेली मजुरी जाते, नाहीतर फोटो निघतो.

असो. सेक्रेटरींना मी म्हटलं, तुमचं पुढच्या वर्षी बघू, यंदा दुसऱ्या कुणाचं भरू. ते फाइल घेऊन निघून गेले. तेव्हापासून जिन्यात भेटले तर मोबाइल बघतात.

दुसरं कोण, हे सौ.ने सुचवलं. आमच्या भागात पाणी सोडणारे मामा. पहाटे साडेचारला लांब दांड्याची लोखंडी चावी सायकलला आडवी बांधून येतात, वॉल फिरवतात, पुढच्या चौकात जातात. सरकारी नोकरांना पद्म मिळत नाही, डॉक्टर आणि शास्त्रज्ञ सोडून. पण मामा एकोणीस वर्षं कंत्राटावर आहेत, त्यामुळे ती अडचणच नाही. कंत्राटी असण्याचा एक तरी फायदा सापडला म्हणून मी खुशीत लिहायला बसलो.

एकशे चाळीस शब्दांवर अडलो. रोज पहाटे उठतात. वॉल सोडतात. वॉल बंद करतात. पुढे काय लिहू? कात्रण नाही, प्रमाणपत्र नाही, फोटो नाही. साडेचारला फोटो काढायला जागं कोण असतं? या सदरात मी मिक्सरच्या भांड्यावर हजार शब्द लिहिले होते, तेही ओढूनताणून नव्हे, आणि इथे आठशे होईनात.

नाही म्हणायला एक गोष्ट सापडली. चढावरच्या शेवटच्या गल्लीत एक आजी एकट्या राहतात. त्यांच्या घरापर्यंत पाणी सगळ्यात शेवटी चढतं. त्यांची बादली भरल्याचा आवाज येईपर्यंत मामा वॉल बंद करत नाहीत. रोजची दहा मिनिटं जास्त. ही खरी कामगिरी, मी उत्साहाने लिहून काढली आणि मग लक्षात आलं, हे तर वेळापत्रकाच्या बाहेर पाणी सोडणं झालं. हा कागद वर गेला तर पदकाआधी मामांना नोटीस येईल. खोडून टाकलं. राहिले पुन्हा तेच एकशे चाळीस.

शेवटी बुधवारी पहाटे गजर लावून खाली उतरलो आणि मामांनाच गाठलं. सगळं समजावून सांगितलं. दिल्ली, राष्ट्रपती भवन, पदक. त्यांनी चावी न थांबवता ऐकून घेतलं.

"काका, फॉर्म तुम्ही भरणार?"

"हो."

"ऑनलाइन?"

"हो हो."

"मग पर्मनंटचा भरा की. तो असला तर."

तो फॉर्म कुठे मिळतो, कुणाकडे द्यायचा आणि त्याला शब्दांची मर्यादा किती, हे वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवावं. दुसऱ्या चहाच्या वेळी आलात तरी चालेल.