पाणी उदंड, बाडस दिसेना

धार जिल्ह्यातल्या राजगढला पडलेला पाऊस माही नदीला मिळतो. विंध्याचा घाट उतरून कुक्षी-मनावरकडे गेलं, की पावसाचं पाणी नर्मदेकडे धावतं. दोन्ही नद्या अखेर खंभातच्या आखातातच जातात. माणसाला हा भूगोल पुरतो. माशाला मात्र उलटं, प्रवाहाविरुद्धही जावं लागतं. तिथेच घोडं अडलं.

नर्मदाकाठचे केवट-कहार ज्याला ‘बाडस’ म्हणतात, तो महाशीर. 1958 ते 1966 या काळात केंद्रीय मत्स्य संशोधकांनी होशंगाबाद परिसरात जाळ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा एकूण मासळीत सुमारे 28 टक्के वाटा एकट्या महाशीरचा होता. 2011 साली मध्य प्रदेशाने त्याला राज्यमासा ठरवलं, तेव्हा तो जाळ्यात क्वचितच येत होता.

याला खळाळतं, प्राणवायूने भरलेलं पाणी लागतं. पावसाळ्यात तो वर सरकतो आणि गोट्या-रेतीच्या उथळ तळावर अंडी घालतो. बर्गी, इंदिरा सागर, ओंकारेश्वर आणि सरदार सरोवर या धरणांनी ती वाट तोडली. सरदार सरोवराची उंची 138.68 मीटर. 2019 मध्ये ते पहिल्यांदा काठोकाठ भरलं, तेव्हा धारमधल्या चिखल्दा, निसरपूरपर्यंत फुगवटा आला. पाणी पूर्वीपेक्षा जास्त, पण थबकलेलं, गोट्यांवर गाळ. उरलेल्या वाहत्या पट्ट्यात रेतीउपसा आणि सुरुंग लावून केलेली मासेमारी.

समुद्र आणि नदी अशा दोन घरांत राहणाऱ्या अहिराची, म्हणजे ईलची, गत याहून कठीण. तो जन्मतो समुद्रात, वाढतो नदीत आणि अंडी घालायला पुन्हा समुद्र गाठतो. एक बंधारा त्याला दोनदा आडवा येतो. युरोपातला अहीर 2008 पासून ‘अतिसंकटग्रस्त’ यादीत आहे. तिथे धरणांच्या जोडीला अतिमासेमारी, परजीवी कृमी, प्रदूषण आणि बदलते सागरी प्रवाह अशी कारणं सांगतात. कुणा एकावर बोट ठेवता आलेलं नाही.

महाशीरचं कोडं तेवढं अवघड नाही. लोणावळ्याजवळ टाटांच्या वळवण केंद्रात गेली अनेक दशकं त्याची पिल्लं तयार होतात आणि देशभर जातात. पण ती साचलेल्या जलाशयात सोडून भागणार नाही. नर्मदेला मिळणाऱ्या ज्या उपनद्या अजून वाहत्या आहेत, तिथला रेतीउपसा आधी थांबवावा. पिल्लांच्या गाड्या त्यानंतर पाठवाव्यात.