उमेदवारी नाही, पण तिकीटवाटप?

चारा घोटाळ्यात रांचीच्या न्यायालयाने 2013 च्या सप्टेंबरात लालूप्रसाद यादवांना दोषी ठरविले; त्यांची खासदारकी गेली. त्याच डिसेंबरात ते जामिनावर सुटले आणि 2015 मध्ये त्यांच्या पक्षाने बिहार विधानसभेच्या 243 पैकी 80 जागा जिंकल्या. त्यांना स्वतः उभे राहण्याची बंदी होती; उमेदवार निवडण्याची मात्र नव्हती! धाकटे चिरंजीव उपमुख्यमंत्री झाले, थोरलेही मंत्री.

मतदारांना मूर्ख ठरविण्यास आम्ही तयार नाही. ज्यांना बड्यांसमोर खाटेवर बसण्याची चोरी होती, त्यांना याच पुढाऱ्याने ताठ मानेने बोलावयास शिकविले. ते ऋण ते कसे विसरतील? शिक्षा झालेल्याने जन्मभर तोंड लपवावे, असेही आमचे म्हणणे नाही. परंतु लोकप्रतिनिधित्वाचा कायदा दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्यास सुटकेनंतरही सहा वर्षे निवडणूक लढवू देत नाही, आणि पक्षाध्यक्षपदाविषयी अवाक्षर काढीत नाही. जो आमदार होण्यास अपात्र, तो आमदार घडविण्यास पात्र कसा? ही पळवाट बुजविणे संसदेच्या हाती आहे. आणि संसदेतले बहुतेक सभासद पक्षाध्यक्षांच्याच तिकिटावर निवडून आलेले आहेत!