राजाच्या पलंगावरचा लांडगा

बाराव्या शतकात मारी द फ्रान्स या कवयित्रीने ‘बिस्क्लाव्रे’ ही काव्यकथा लिहिली. ब्रिटनीतला एक सरदार आठवड्यातले तीन दिवस लांडगा होतो. बायको दुसऱ्याकरवी त्याचे कपडे चोरते; कपड्यांविना त्याला माणूस होता येत नाही, आणि तो जंगलातच अडकतो. शिकारीला आलेल्या राजाच्या पायाचं तो चुंबन घेतो. राजा त्याला सोबत नेतो, जिवापाड जपतो. अखेर कपडे परत मिळतात, तेव्हा तो माणूस होऊन राजाच्याच पलंगावर झोपलेला सापडतो, आणि राजा त्याला मिठीत घेऊन पुन्हा पुन्हा त्याचे मुके घेतो! काही अभ्यासकांना यात दोन पुरुषांचं प्रेम दिसतं. मलाही दिसतं.

‘टीन वुल्फ’ (२०११–१७) या मालिकेच्या चाहत्यांनीही असंच प्रेम रंगवलं; स्टाइल्स हा माणूस आणि डेरेक हा नरवृक, म्हणजे लांडगा होणारा माणूस, यांना प्रेमात पाडून हजारो कथा लिहिल्या. त्यांतल्या खेळकर कथा मला विशेष प्रिय आहेत. समलिंगी प्रेमिकांच्या वाट्याला साहित्यात मरण आणि विरह फार आले. त्यांना रुसवेफुगवे, थट्टा, उशिराचा नाश्ताही मिळायला हवा. या अंकातल्या कथेत असेच दोघे प्रेमिक कडाकडा भांडतात, पण पौर्णिमेवरून नव्हे. न्हाणीघराच्या मोरीत तुंबलेले केस कोणी काढायचे, यावरून.