नौकेवरील शीतयंत्र आणि वर्ध्याचा मच्छीमार

दि. २७ ऑक्टोबर २०२५ रोजी मुंबईच्या माझगाव गोदीत केंद्रीय सहकार मंत्री श्री. अमित शहा यांच्या हस्ते खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या नौका सहकारी तत्त्वावर मच्छीमारांच्या स्वाधीन करण्यात आल्या. या नौका २५ दिवसांपर्यंत समुद्रात राहू शकतात आणि २० टनांपर्यंत मासळी आणू शकतात, असे शासनातर्फे सांगण्यात आले. या २५ दिवसांमागे इंजिनाच्या शक्तीइतकाच मासळी थंड ठेवण्याच्या व्यवस्थेचाही वाटा आहे. समुद्रापासून सातशे किलोमीटर दूर असलेल्या वर्धा जिल्ह्यातील आमचे वाचक विचारतील, ‘याचा आमच्याशी काय संबंध?’ संबंध आहे, आणि तो जवळचा आहे, असे आम्हांस वाटते.

नौकेवर शीतयंत्र बसविणे म्हणजे घरचे फ्रीज उचलून नौकेत ठेवणे नव्हे. प्रथम मासळीच्या खणाला चारही बाजूंनी, तळाला व झाकणाला उष्णतारोधक फोमचा जाड थर द्यावा लागतो. नंतर कॉम्प्रेसर येतो. तो इंजिनाच्या पट्ट्यावर, जनित्रावर अथवा बॅटरीवर चालतो. यंत्राने खणातून ओढून काढलेली उष्णता समुद्राच्या पाण्यात सोडली जाते. खारे पाणी साधी धातूची नळी लवकर खाऊन टाकते, म्हणून तेथे तांबे व निकेल यांच्या मिश्रधातूच्या नळ्या वापरतात आणि जस्ताचे तुकडे बसवितात. ते जस्त स्वतः झिजते व नळ्यांचे रक्षण करते. एवढे करूनही डिझेलचा खर्च वाढतो आणि दुरुस्ती जाणणारा माणूस बंदरात असावा लागतो. म्हणूनच वसई, अर्नाळा, उत्तन येथील अनेक तांडेल आजही बर्फाच्या लाद्या फोडून खणात भरतात व त्या भरवशावर समुद्रात जातात.

तरीही हा खटाटोप कशासाठी? गारव्याने मासळी टिकते, हे सर्वांना ठाऊक आहे. गारव्यामुळे मच्छीमाराला थांबता येते, हे मात्र सहसा कोणी ध्यानात घेत नाही. ज्याची मासळी दुपारपर्यंत खराब होणार, त्याला व्यापारी सांगेल तो भाव मुकाट्याने घ्यावा लागतो. ज्याची मासळी चार दिवस टिकणार, तो दुसऱ्या बाजाराची चौकशी करू शकतो. शीतयंत्र ज्याच्या मालकीचे, भाव ठरविण्याची शक्ती त्याच्याकडे झुकते. या प्रश्नाचा गाभा आम्हांस येथे दिसतो.

आता वर्ध्याकडे वळू. बोर धरण, धाम नदीवरील महाकाळी जलाशय, आर्वी परिसरातील निम्न वर्धा प्रकल्प, शिवाय लहानमोठे तलाव, हे येथील मच्छीमाराचे समुद्र. भोई व ढिवर समाजाचे बांधव लहान होड्यांतून जाळी टाकतात आणि रोहू, कटला, मृगळ काढतात. उन्हाळ्यात येथील पारा ४५ अंशांवर जातो. अशा उष्म्यात उघड्या टोपलीतील मासा काही तासांतच हातचा जातो. तोच मासा पकडल्याबरोबर बर्फात ठेवला, तर दहाबारा दिवस खाण्याजोगा राहू शकतो. दरम्यान आंध्र प्रदेशातील तळ्यांची मासळी बर्फात भरून विदर्भाच्या बाजारात पोहोचते. वर्धा जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. शीतवाहनातील समुद्री मासळीलाही आता हा रस्ता मोकळा आहे. बाहेरची मासळी गारव्यासह येणार आणि धरणाची मासळी उन्हात तळमळणार, तर ही स्पर्धा बरोबरीची म्हणता येईल काय?

मग बोरच्या होडीवर कॉम्प्रेसर बसवावा काय? आमच्या मते त्याची गरज नाही. थोडा हिशेब करून पाहू. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ३५ अंशांवरील १० किलो मासळी शून्य अंशापर्यंत आणण्यास सुमारे २८० किलोकॅलरी काढून घ्याव्या लागतात, म्हणजे साडेतीन ते चार किलो बर्फ पुरे. प्रत्यक्षात याच्या दुप्पट-तिप्पट बर्फ लागतो, कारण उरलेला बर्फ बाहेरचे ऊन खाऊन टाकते. यावरून निष्कर्ष सरळ निघतो : होडीवर उत्तम झाकणाची उष्णतारोधक पेटी असावी आणि यंत्र काठावर असावे. जलाशयावर फेरी काही तासांचीच असते. तेवढा वेळ पेटी सांभाळते. काठावरचे लहान बर्फयंत्र व शीतखोली सौरऊर्जेच्या आधाराने चालविता येते. विदर्भाचे ऊन मासळीचे शत्रू आहे. त्याच उन्हाला येथे कामाला लावता येईल.

असा विचार वर्ध्याला नवा नाही. डिसेंबर १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम येथील मगनवाडीतून चालले. त्याचे चिटणीस डॉ. जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. लंडनमध्ये हिशेबतपासनीस व कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी असलेल्या या विद्वानाने तुरुंगवासात शाश्वत अर्थव्यवस्थेवर आणि येशूच्या शिकवणुकीवर ग्रंथ लिहिले. यंत्र गावाच्या गरजेला व माणसाच्या हाताला साजेसे असावे, ही त्यांची कसोटी होती. त्याच मगनवाडीत आज महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. जलाशयाच्या काठी चालेल असे शीतयंत्र हा तिच्या अभ्यासाचा विषय व्हावा, अशी आमची अपेक्षा आहे.

शासनाचे निर्णयही विचारात घेतले पाहिजेत. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फकारखाने, शीतगृहे व शीतवाहने यांसाठी अनुदानाची तरतूद झाली : सर्वसाधारण गटास ४० टक्के, महिला, अनुसूचित जाती व जमातींस ६० टक्के. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला. शेतीप्रमाणे सवलतीची वीज व कर्ज मिळण्याचा मार्ग त्यामुळे उघडला. परंतु अनुदान वगळता उरलेली रक्कम कोण भरणार? रोजच्या मासळीवर घर चालविणाऱ्याला ती एकट्याने उभारता येत नाही. भांडवल असलेला व्यापारी सहज उभारतो. तेव्हा यंत्र सार्वजनिक पैशाच्या मदतीने आले, तरी मच्छीमार पुन्हा भाड्याच्या बर्फावरच राहील. मत्स्य सहकारी संस्था सबळ झाल्या तरच हा धोका टळेल.

ख्रिस्तसभेला या विषयात बोलण्याचा अधिकार आहे काय? प्रभूने आपले पहिले शिष्य होड्यांवरूनच बोलाविले. पाच भाकरी व दोन मासे यांनी लोकसमुदायाला तृप्त केल्यावर, काही वाया जाऊ नये म्हणून उरलेले तुकडे गोळा करण्यास त्याने शिष्यांना सांगितले, असे संत योहानाच्या शुभवर्तमानात आपण वाचतो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ‘लाउदातो सी’ या २०१५ च्या परिपत्रकात लहान शेतकरी व लहान मच्छीमार यांच्या उत्पादनपद्धतींचा कैवार घेतला. पकडलेला मासा उन्हात नासणे ही अन्नाची नासाडी आहे, तशीच ती श्रमाचीही अवहेलना आहे.

जलाशयाकाठचे हे बांधव बहुधा आपल्या धर्मग्रामाचे सभासद नाहीत. ते आपले शेजारी मात्र आहेत. आपल्या धर्मग्रामांत पतसंस्था चालविणारे, हिशेब जाणणारे, शीतयंत्रांचे तंत्र शिकलेले तरुण आहेत. अनुदानाचा अर्ज भरून देणे, संस्थेची वही नीट लावून देणे, दोन ढिवर तरुणांना यंत्रदुरुस्ती शिकविणे, ही कामे आपल्या आवाक्यातील आहेत. २१ नोव्हेंबर हा जागतिक मत्स्यव्यवसाय दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी प्रार्थनेबरोबरच जवळच्या एका मत्स्य सहकारी संस्थेला भेट देण्याचा संकल्प प्रत्येक धर्मग्रामाने करावा, अशी आमची विनंती आहे.