नुसत्या टिंगलीनं गोदी वाचत नाही

मी गोदीत पोती वाहतो. म्हणून आधी लंडनच्या गोदीवाल्यांचं बोलतो.

२० एप्रिल १९६८. बर्मिंगहॅमला इनॉक पॉवेल नावाचा खासदार बरळला – बाहेरचे काळेसावळे येऊ दिलेत तर रक्त वाहील. तीनच दिवसांनी लंडनचे गोदी कामगार काम टाकून पार्लमेंटवर गेले. पॉवेलच्या बाजूनं! आपल्याच धंद्यातली माणसं, च्यायला.

जानेवारी १९६९ मध्ये बीटल्सनी यावर गाणं रचायला घेतलं. ‘गेट बॅक’च्या कच्च्या खर्ड्यात नोकऱ्या खाणारे पाकिस्तानी होते. बोली पॉवेलभक्ताची, हेतू त्याचीच टर उडवायचा. एप्रिलात रेकॉर्ड आली तेव्हा पाकिस्तानी गायब. पुढं तो खर्डा चोरट्या रेकॉर्डींतून फुटला. लोक म्हणाले, हे तर वंशद्वेषाचं गाणं! मॅकार्टनीला खुलासा करत बसावं लागलं.

टिंगल कुणाची हे सांगावं लागलं की ती फसली. शिवी देणाऱ्याची शिवी तुम्ही सुरात म्हटलीत, तरी खाणाऱ्याला शिवीच ऐकू येते. आम्हाला विचारा. जात काढून केलेली ‘मस्करी’ आम्ही पिढ्यान्‌पिढ्या गिळलीय.

आणि खरा सवाल त्या गाण्यात नव्हताच – गोदी खाल्ली कुणी? ईस्ट इंडिया डॉक १९६७ लाच बंद. सेंट कॅथरिन १९६८. रॉयल डॉक्स १९८१. खाल्ली ती कंटेनरनं आणि मालकाच्या हिशेबानं. पाकिस्तान्यानं नाही. उलट गोऱ्यांच्या जहाजांवर राबत कोकणातले, सिल्हेटचे खलाशी कधीच त्या गोदीला लागले होते. मग परका कोण?

१९७६ मध्ये त्याच बर्मिंगहॅमच्या स्टेजवर एरिक क्लॅप्टननं पॉवेलचे गोडवे गायले. दोनच वर्षांपूर्वी बॉब मार्लेचं गाणं गाऊन यानं पहिला नंबर काढलेला. काळ्याचा ताल चालतो, काळा शेजारी चालत नाही! तेव्हा मात्र पोरं टिंगलीवर थांबली नाहीत. ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ उभं केलं. ३० एप्रिल १९७८ ला हजारो जण ट्राफल्गर चौकातून चालत ईस्ट एंडला गेले. काळे-गोरे एका स्टेजवर वाजले.

दोस्तहो, मुंबईतही १९६६ नंतर लुंगीवाल्यांविरुद्ध आरोळ्या उठल्या. गावकुसाबाहेरून आलेल्या आपल्यातल्या काहींनीही त्यात टाळ्या पिटल्या असतील. त्या टाळ्या आधी मोजा. मग लिहा. द्वेष्ट्याची नक्कल पुरे झाली. मालकाचं नाव घेऊन गा.